वटहुकूम किती दिवस जगतो? पुण्याच्या एका प्राध्यापकाने बिहारचं राजपत्र मोजलं, त्याची गोष्ट

गेल्या आठवड्यात धारा काढून पारावर गेलो तर भावकीतले आबा मोबाईल हातात धरून माझीच वाट बघत बसले होते. चेहरा उतरलेला. म्हणाले, "पत्रकार, हे बघ. वटहुकूम निघाला. आता संमती-बिमती काही नाही, सरळ जमीन घेणार."

व्हॉट्सअॅपवर राजपत्राच्या एका इंग्रजी पानाचा फोटो होता. वर सिंहाची मुद्रा आणि खाली कुणीतरी मराठीत टाकलेलं, "सर्व शेतकरी बांधवांना पाठवा". आबांची भीती उगाच नव्हती. आमच्या शिवाराच्या पूर्वेला रस्त्यासाठी मोजणी चालू आहे. आबांचं दोन एकराचं रान आणि विहीर त्याच पट्ट्यात येते.

फोटो मोठा करून तारीख बघितली. ३ एप्रिल २०१५. आबांना म्हटलं, हा वटहुकूम कधीच मेला. आबांना काही पटेना. "राष्ट्रपतीची सही असलेला कागद मरतो कसा काय?"

प्रश्न बरोबर आहे. आपल्या तालुक्यातल्या पाच-सहा ग्रुपवर हाच फोटो फिरतोय, तेव्हा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुण्याच्या एका प्राध्यापकाने काही वर्षं घालवली होती आणि त्याचं पुस्तक पुढे सुप्रीम कोर्टात जाऊन उभं राहिलं. आपल्याकडे ही गोष्ट फार कुणाला माहीत नाही.

आधी कागद ओळखा

आपण सरकारच्या प्रत्येक कागदाला वटहुकूम नाहीतर अध्यादेश म्हणून मोकळे होतो. हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत, पण जीआर ही वेगळी गोष्ट आहे. जीआर म्हणजे शासन निर्णय. एखाद्या खात्याने स्वतःच्या कारभारासाठी काढलेला आदेश. त्याच्या शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं छापलेलं असतं, त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. राज्यपालांनी तो वाचलेलाही नसतो. ती फक्त सरकारी कागदाची पद्धत आहे.

अधिसूचना आणखी वेगळी. आधीच असलेल्या कायद्याखाली नियम करायला किंवा बदलायला ती काढतात. २०२४ च्या जानेवारीत वाशीला मराठा आंदोलनाच्या वेळी सगेसोयऱ्यांचा जो कागद निघाला, त्याला टीव्हीवाल्यांसकट सगळे अध्यादेश म्हणत होते. तो होता नियमांचा मसुदा आणि त्यावर हरकती मागवल्या होत्या. मसुदा आणि अध्यादेश यांत साखरपुडा आणि लग्नाएवढा फरक आहे.

खरा वटहुकूम म्हणजे तात्पुरता कायदा. तो केंद्रात राष्ट्रपती काढतात, घटनेच्या कलम १२३ खाली. राज्यात राज्यपाल काढतात, कलम २१३ खाली. जोर अगदी कायद्याइतकाच. तो मोडला तर दंड होतो, त्याच्यावर जमीन जाते, बाजार बदलतो. फक्त त्याला आमदार-खासदारांनी हात वर केलेला नसतो.

महाराष्ट्राचा असेल तर राज्य राजपत्राच्या भाग चारमध्ये सापडतो आणि वर "महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक अमुक" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते नसेल तर तो वटहुकूम नाही.

आयुष्य साडेसात महिन्यांचं

अधिवेशन चालू नाही आणि काम तातडीचं आहे, थांबता येत नाही, अशाच वेळी वटहुकूम काढायचा असं घटना म्हणते. पुढचं अधिवेशन भरलं की तो सभागृहापुढे ठेवायचा. भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला तर ठीक, नाहीतर तो आपोआप संपतो. त्याला कुणी रद्द करायची गरज नाही.

दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही. म्हणजे सहा महिने आणि वर सहा आठवडे धरले तर वटहुकूम फार तर साडेसात महिने जगतो. ही सोय इंग्रजांच्या वेळेपासूनची. व्हाइसरॉयकडे हा अधिकार होता आणि त्याने तो भरपूर वापरला. १९४९ मध्ये घटना समितीत हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्या सभासदांनी यावर शंका काढल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं म्हणणं असं की सभागृह बसलेलं नसताना अचानक प्रसंग ओढवू शकतो आणि हातातला कायदा अपुरा पडू शकतो. तेव्हा ही सोय लागतेच, फक्त तिला मुदत असावी.

मुदत ठेवली खरी. पण मुदत संपताना तोच कागद पुन्हा नव्याने काढला तर काय, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पुढचं सगळं रामायण तिथून घडलं.

वाधवा सर

पुण्यात डेक्कनच्या बाजूला गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, १९३० पासूनची. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर सहकारी साखर कारखाना उभा करणारे तेच गाडगीळ. या संस्थेत डी. सी. वाधवा नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा विषय जमीन. बिहारमध्ये कुळांचे, जमीनधारणेचे कायदे कसकसे बदलत गेले याचा अभ्यास ते करत होते.

आता जमिनीचा अभ्यास करायचा म्हणजे मूळ कायदा काढा, मग त्याच्या दुरुस्त्या काढा. आपणही फेरफार काढताना एका नोंदीवरून मागच्या नोंदीवर जातो, तसंच. वाधवा बिहारचं राजपत्र चाळायला लागले तर त्यांना कायदे कमी आणि वटहुकूमच जास्त सापडायला लागले. बरं, वटहुकूम तरी नवे का? नाव तेच, कलमं तीच, फक्त वर्ष आणि क्रमांक बदललेला.

दुसरा एखादा असता तर कपाळाला हात लावून आपल्या मूळ विषयाकडे वळला असता. वाधवांनी मूळ विषय बाजूला ठेवला आणि मोजायला बसले. १९६७ ते १९८१ या काळातला एकेक वटहुकूम काढला. पहिल्यांदा कधी आला, किती वेळा पुन्हा काढला, शेवटी कधी संपला, सगळं लिहून काढलं.

मोजणीतून निघालेला आकडा होता २५६. घटनेच्या हिशेबाने यातला एकही साडेसात महिन्यांच्या पुढे जायला नको होता. प्रत्यक्षात वर्षाच्या आत संपलेले फक्त ५९. बाकीचे १९७ वर्षापेक्षा जास्त जगले. पाच वर्षांहून जास्त जगलेलेही ५९ च भरतात. आणि सगळ्यात म्हातारा कोण होता ऐका. उसाचा. ऊस पुरवठा आणि खरेदीचं नियमन करणारा वटहुकूम १९६८ मध्ये पहिल्यांदा निघाला. तो ३९ वेळा पुन्हा काढला गेला आणि जवळपास १४ वर्षं चालला.

ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको. आपण ऊस तोडतो, त्याच बुडख्यातून खोडवा घेतो, जमलं तर निडवा. त्याच्या पुढे रान थकतं, उतारा पडतो, मग आपणच नांगर घालतो. बिहार सरकारने एका लागणीवर ३९ खोडवे घेतले. या १४ वर्षांत बिहारमध्ये निवडणुका झाल्या, सरकारं पडली, नवी आली. उसाचा भाव, तोड, पुरवठा हे ज्याच्यावर चालायचं तो कागद मात्र आमदारांनी मंजूर केलेला कायदा कधीच नव्हता. पंचायत राजच्या कायद्यातली एक दुरुस्तीसुद्धा अशीच दहा वर्षांच्या वर वटहुकुमावर तगून होती.

ही काही लपूनछपून केलेली गोष्ट नव्हती. कामाची रीतच पडून गेली होती. अधिवेशन संपलं की संसदीय कामकाज खात्याकडून बाकीच्या खात्यांना परिपत्रक जायचं की अमुक तारखेला वटहुकूम संपतायत, त्याआधी पुन्हा काढायची तयारी करा. १९८१ च्या जुलैमधलं असं परिपत्रक पुढे कोर्टात दाखवलं गेलं. आपल्याकडे सोसायटीचं कर्ज मार्चअखेर नवं-जुनं करतात ना, तसं हे कायद्याचं नवं-जुनं. पैसे कुणी भरत नाही, कागद मात्र ताजा होतो.

आणि राष्ट्रपती? काही विषयांवर वटहुकूम काढायचा तर राज्यपालांना आधी राष्ट्रपतींची परवानगी लागते. २५६ पैकी ६९ वटहुकूम अशी परवानगी घेऊन पुन्हापुन्हा काढलेले होते. म्हणजे दिल्लीच्या टेबलावरूनही हे कागद जात होते आणि तिथेही कुणाला काही खटकलं नाही.

वाधवांनी १९८३ मध्ये हे सगळं पुस्तक करून छापलं. पुस्तकाच्या नावातच त्यांनी या प्रकाराला राज्यघटनेशी केलेली लबाडी म्हटलं. प्राध्यापक माणसं सहसा इतकं थेट बोलत नाहीत.

पुस्तक कोर्टात गेलं

१९८४ च्या जानेवारीत वाधवा स्वतः सुप्रीम कोर्टात गेले. त्यांच्याबरोबर बिहारमधले आणखी तिघं अर्जदार होते. मला यात रांचीकडच्या रयताची बाजू सगळ्यात जवळची वाटली. त्याच्या रानात सालासारखा वनोपज निघायचा. वटहुकुमाने ठरवून टाकलं की हा माल सरकार किंवा सरकारने नेमलेला माणूसच घेणार. आपल्याकडच्या जुन्या कापूसवाल्यांना एकाधिकार खरेदी आठवत असेल. पण एकाधिकारासाठी १९७१ साली विधिमंडळाने कायदा केला होता. तो बरा की वाईट यावर आजही भांडता येतं, तेव्हाही सभागृहात भांडता आलं. रांचीच्या रयताला भांडायला सभागृहच नव्हतं. दर खेपेला नवा वटहुकूम यायचा. दुसरा अर्जदार पाटण्याचा कॉलेजात शिकणारा विद्यार्थी होता आणि तिसऱ्याचा धंदा विटांचा. शिक्षण आणि विटा, दोन्ही वटहुकुमावर चालत होते.

सोली सोराबजी वाधवांच्या बाजूने उभे राहिले. बिहार सरकारने पहिला आक्षेप घेतला तो आपल्याला चांगला ओळखीचा आहे. हा माणूस पुण्याचा, याचा बिहारशी संबंध काय, याचं काय नुकसान झालं? कोर्टाने तो मानला नाही. राज्य कायद्याने चालतं की नाही हे बघायचा हक्क नागरिकाला आहे, असं म्हटलं.

निकाल लागला २० डिसेंबर १९८६ ला. पाच न्यायाधीशांचं पीठ, सरन्यायाधीश पी. एन. भगवती. त्याच दिवशी ते निवृत्त झाले. निकालाचा सारांश असा की वटहुकुमाचा अधिकार प्रसंगापुरता आहे, कायदे करायचं काम विधिमंडळाचं आहे आणि ते बाजूला सारून वटहुकुमावरच राज्य चालवणं म्हणजे घटनेशी लबाडी. तोपर्यंत वनोपज आणि विटांच्या वटहुकुमांचे घाईघाईने कायदे झाले होते. इंटरमिजिएट शिक्षणाचा वटहुकूम अजून चालूच होता, तो कोर्टाने रद्द केला. वाधवांनी केलेल्या कामाची दखल घेऊन बिहार सरकारने त्यांना १०,००० रुपये खर्चापोटी द्यावेत, असाही आदेश झाला.

एक मात्र राहून गेलं. अधिवेशनात कामाची फारच गर्दी असेल आणि वेळच मिळाला नाही तर एखादा वटहुकूम पुन्हा काढता येईल, अशी फट निकालातच होती. आपल्या अनुभवाने सांगतो, बांधाला उंदराचं एक बीळ राहिलं तरी पाटाचं पाणी तिथूनच जातं.

आणि गेलंच. त्याच बिहारमध्ये १९८९ च्या डिसेंबरात ४२९ संस्कृत शाळा ताब्यात घेण्याचा वटहुकूम निघाला. शिक्षकांना वाटलं, आपण सरकारी झालो. तो पुन्हापुन्हा काढत १९९२ पर्यंत ओढला, कायदा काही केला नाही, आणि एके दिवशी संपू दिला. शिक्षक ना इकडचे ना तिकडचे. ते कोर्टात गेले. अंतिम निकाल यायला २०१७ ची २ जानेवारी उजाडली. सात न्यायाधीशांचं पीठ होतं, मुख्य निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. वटहुकूम पुन्हापुन्हा काढणं ही लबाडीच, असं पुन्हा सांगितलं. पण शिक्षकांच्या दृष्टीने त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरली. संपलेल्या वटहुकुमाने दिलेला हक्क आपोआप कायमचा होत नाही. पंचवीस-सत्तावीस वर्षं ज्या नोकरीच्या आशेवर माणसं कोर्टात उभी होती ती नोकरी गेली. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात वाईट याचंच वाटतं. लबाडी केली सरकारने आणि भरपाई केली मास्तरांनी.

सही करणारा नाही म्हणू शकतो का?

आबांचा रोख राष्ट्रपतींच्या सहीवर होता, म्हणून हे सांगायला हवं. राष्ट्रपती आणि राज्यपाल स्वतःच्या मनाने वटहुकूम काढत नाहीत. मंत्रिमंडळ सांगतं, ते सही करतात. राष्ट्रपती फार तर एकदा कागद परत पाठवून फेरविचार करा म्हणू शकतात. पुन्हा तोच सल्ला आला तर सही करावीच लागते.

तरी कागद परत पाठवण्यालासुद्धा वजन असतं. १९९६ मध्ये लोकसभा निवडणूक तोंडावर असताना शंकर दयाळ शर्मा यांनी दोन वटहुकुमांवर सही केली नाही आणि ते तिथेच थांबले. उलटी बाजूही आहे. आणीबाणीत, १९७५ च्या डिसेंबरात, अबू अब्राहम यांचं एक व्यंगचित्र छापून आलं होतं. राष्ट्रपती आंघोळीच्या टबात बसून दारातून आलेल्या कागदावर सही करतायत असं. त्याच वर्षी घटनादुरुस्ती करून वटहुकुमाच्या तातडीबद्दल कोर्टात विचारायचीच सोय बंद केली होती. जनता सरकारने ती दुरुस्ती पुढे काढून टाकली.

सगळेच वटहुकूम लबाडीचे असं मात्र नाही. १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ ला वटहुकुमानेच झालं. तो शनिवार होता आणि सोमवारी संसद भरणार होती. दोन दिवस थांबता आलं नसतं का, यावर वकील अजून वाद घालतात. पण त्यानंतर खेड्यापाड्यांत बँकेच्या शाखा निघाल्या हेही खरं. माझ्या वडिलांचं पहिलं पीककर्ज अशाच शाखेतलं.

आपल्या राज्यातलं सांगायचं तर सरपंचाची निवड आठवा. थेट जनतेतून सरपंच ही पद्धत २०१७ मध्ये आली. २०२० च्या सुरुवातीला तेव्हाच्या सरकारने ती बंद करायला वटहुकूम पाठवला, तर राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी सही केली नाही. अधिवेशन जवळ आलंय, तिथे विधेयक आणा, असं त्यांचं म्हणणं. सरकारने फेब्रुवारीतच विधेयक मंजूर करून घेतलं. म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी तेच झालं. मग फरक काय पडला? फरक एवढाच की सभागृहात बाजूने-विरोधाने बोलणं झालं, ते नोंदीत आहे, आपला आमदार तेव्हा काय बोलला हे आज विचारता येतं. (२०२२ ला सरकार बदललं आणि थेट सरपंच परत आला, तो भाग वेगळा.) कोश्यारींचे बाकीचे निर्णय कुणाला पटोत न पटोत, हा मला तरी बरोबर वाटतो.

माझा स्वतःचा अनुभव २०१६ चा आहे. जुलैमध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा करणारा वटहुकूम निघाला. आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असं ठरलं. मी पेपर खिशात घालून टोमॅटो घेऊन गेलो. पट्टी हातात पडली तर आडत कापलेली. विचारलं तर उत्तर मिळालं, "वटहुकूम काय, सहा महिन्यात जातो. तोवर जुनंच चालू." कोणती बाजारपेठ ते सांगत नाही, पण तेव्हा कळलं की मुदतीचा कायदा असला की समोरचा मुदत संपायची वाट बघतो.

२०२० चे तीन कृषी कायदेही आधी ५ जूनला वटहुकूम म्हणूनच आले. देश तेव्हा कोरोनात अडकलेला. सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले, नंतर दिल्लीच्या सीमेवर वर्षभर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेतले. कायदे चांगले होते की वाईट यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. पण इतका मोठा बदल आधी वटहुकुमाने आणायची घाई काय होती, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता आबांचा कागद

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात असं आहे की खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधितांची संमती पाहिजे, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के. वर सामाजिक परिणामांचा अभ्यास. ३१ डिसेंबर २०१४ ला केंद्राने वटहुकूम काढला आणि औद्योगिक पट्टे, ग्रामीण पायाभूत सोयी, परवडणारी घरं अशा पाच प्रकारच्या कामांना यातून सूट द्यायची वाट मोकळी केली. लोकसभेत विधेयक मंजूर झालं, राज्यसभेत बहुमत नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला वटहुकूम संपणार होता. मग २८ मार्चला राज्यसभेचं सत्र संपवलं आणि ३ एप्रिल २०१५ ला तो पुन्हा काढला. आबांच्या मोबाईलमधलं पान याच दिवसाचं. ३० मे ला तिसऱ्यांदा काढला. मग देशभर विरोध वाढला, बिहारची निवडणूक जवळ आली आणि सरकारने चौथ्यांदा काढायचं सोडून दिलं. ३१ ऑगस्ट २०१५ ला तो संपला.

मात्र त्यातली एक गोष्ट शेतकऱ्याच्या फायद्याची होती. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे वगैरे १३ कायद्यांखाली जमीन गेली तरी मोबदला २०१३ च्या कायद्याप्रमाणेच मिळावा, ही. वटहुकूम संपायच्या तीन दिवस आधी, २८ ऑगस्टला, सरकारने साधा आदेश काढून तेवढा भाग वाचवला. त्यामुळे आज महामार्गाला जमीन गेली तर त्या वाढीव हिशेबाने मोबदला मिळतो.

हे सगळं सांगून झाल्यावर आबा थोडे सैल झाले. मग म्हणाले, "म्हणजे संमतीशिवाय घेणार नाहीत ना?"

इथे मला खोटा दिलासा देता आला नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या महामार्ग कायद्याखाली जमीन घेतात आणि त्यात संमतीची अट पहिल्यापासूनच नाही. म्हणजे आबांची भीती खरी, फक्त कागद चुकीचा. त्या कायद्यात कलम ३ए ची अधिसूचना निघते, वर्तमानपत्रात गट नंबरांसह छापून येते आणि राजपत्रात आल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. रस्ता राज्याचा असेल तर कायदा दुसरा आणि मुदतही दुसरी. म्हणून मोजणीवाल्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा की तुम्ही कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेच्या अधिसूचनेने मोजताय?

आबांनी हे पाठीमागच्या कागदावर लिहून घेतलं. सातबारा आणि विहिरीची नोंद काढून ठेवायला सांगितली. विहीर सातबाऱ्यावर चढलेलीच नाही, असं तेव्हा निघालं. जाता जाता सांगतो, सातबारा हा मालकीचा पक्का पुरावा नाही, सरकारने मालकीची हमी देणारी पद्धत आणावी, हा अहवालही १९८९ मध्ये नियोजन आयोगाला याच वाधवांनी दिला होता. ते काम अजून झालेलं नाही.

उद्या सकाळी आबा आणि मी तलाठ्याकडे विहिरीच्या नोंदीचा अर्ज घेऊन जातोय. तिथून पुढे प्रांत कार्यालयात, अधिसूचनेची तारीख विचारायला.